उमेदवार वर्गात येतोय: अवघड प्रश्न विचारायची तयारी

निवडणुकीला उभा असलेला उमेदवार वर्गात येणार असं कळलं की सगळी धावपळ स्वागताची होते. खुर्च्या कुठे, माईक कोणाकडे, आभार कोण मानणार. प्रश्नांचा विचार आदल्या संध्याकाळी होतो, तोही ‘कोणाला काही विचारायचं असेल तर हात वर करा’ इतकाच. मग ४५ मिनिटांच्या तासातली ३० मिनिटं भाषणात जातात आणि उरलेल्या वेळात ‘राजकारणात कसे आलात?’ आणि ‘तुमचा आदर्श कोण?’ एवढंच विचारून होतं. असा एक तास मी स्वतः घेतला आहे. पाहुणे गेल्यावर वह्या तपासताना मुलांनी लिहून ठेवलेले चांगले प्रश्न सापडले. एकही विचारला गेला नव्हता.

त्यानंतर मी अवघड प्रश्नाची एक व्याख्या करून घेतली आणि पुढची सगळी तयारी तिच्यावर बेतली. उत्तर टाळलं गेलं तर ते टाळलं गेलं हे शेवटच्या बाकावरच्या मुलीलाही कळतं, तो प्रश्न अवघड. चढा आवाज, आरोप, खोचक शब्द यांनी प्रश्न अवघड होत नाही. उलट उमेदवाराला रागावून किंवा हसून सुटायला जागा मिळते.

आधी वेळेचा हिशेब

तास ४५ मिनिटांचा धरा. येणं, बसणं, ओळख यांत ५ मिनिटं जातात. उमेदवाराच्या प्रास्ताविकाला ५, शेवटी आभाराला २ मिनिटं. उरतात ३३. एक प्रश्न, त्याचं उत्तर, त्यावर एक उपप्रश्न आणि त्याचं उत्तर याला साधारण ५ मिनिटं लागतात. म्हणजे प्रश्न फक्त ६.

हा आकडा पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. वर्गात ५० मुलं असतील तर ४४ जणांना मुख्य प्रश्न विचारायला मिळणार नाही, आणि हे आधीच कळलेलं बरं. मग प्रश्न ‘माझा’ राहत नाही, वर्गाचा होतो. उरलेल्यांना काय काम द्यायचं ते पुढे येईलच. त्यांच्यावाचून हा तास नीट होत नाही.

बोलावतानाच अटी ठरवा

पाहुणे दारात उभे असताना ‘साहेब, भाषण जरा थोडक्यात’ असं कोणी म्हणू शकत नाही. म्हणून निमंत्रणाच्या पत्रातच लिहा: प्रास्ताविक ५ मिनिटं, बाकी वेळ प्रश्नोत्तरांचा. प्रत्येक प्रश्नावर एक उपप्रश्न विचारला जाईल. विषय आधी कळवू, प्रश्न कळवणार नाही. पक्षाचं चिन्ह, झेंडा, पत्रकं वर्गात नकोत. मुलांचे फोटो प्रचारात वापरायचे नाहीत. आणि त्या जागेच्या बाकी उमेदवारांनाही हेच निमंत्रण, याच अटींवर.

विषय कळवावेत का, यावर दुमत आहे. मी कळवतो. ‘याची माहिती घेऊन सांगतो’ ही पळवाट त्यामुळे आधीच बंद होते. प्रश्न मात्र शब्दशः कळवू नयेत, नाहीतर उत्तर कार्यालयातून टाइप होऊन येतं.

बाकी उमेदवारांना बोलावण्याची अट नुसत्या शिष्टाचाराची नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ चा शिक्षण कायदा शाळेत एकाच पक्षाच्या मतांचा प्रचार करायला मनाई करतो आणि राजकीय विषय मांडताना समतोल राखण्याची जबाबदारी शाळेवर टाकतो. जर्मनीत १९७६ मध्ये बॉयटेल्सबाख या गावी झालेल्या परिषदेतून तीन तत्त्वं पुढे आली. विद्यार्थ्यावर मत लादायचं नाही. समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं. आणि स्वतःचं हित ओळखून राजकीय परिस्थितीचा विचार करायला विद्यार्थ्याला सक्षम करायचं. तिथली राजकीय शिक्षणाची शिस्त आजही याच तीन तत्त्वांवर चालते. तुमच्याकडे निवडणूक जाहीर झाल्यावर उमेदवाराने शाळेत यावं की नाही, आलाच तर काय चालतं, हे निवडणूक अधिकाऱ्यांकडून आणि शिक्षण खात्याकडून लेखी विचारून घ्या. नियम आड येत असेल तर भेट निवडणुकीनंतर ठेवा. निवडून आलेल्या माणसालाही हेच प्रश्न विचारता येतात.

पालकांपैकी कोणीतरी ‘शाळेत राजकारण कशाला?’ असं म्हणेल. त्यांना अटींचं पत्र दाखवा. ‘मुलांना मत कुठे असतं?’ असंही कोणी म्हणेल. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १२ वं कलम सांगतं की स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या मुलाला, त्याच्याशी संबंधित सर्व बाबींत ते मांडण्याचा हक्क आहे. शिवाय मताचं वय सगळीकडे १८ नाही. ब्राझीलमध्ये १९८८ च्या राज्यघटनेपासून १६ व्या वर्षी मत देता येतं, ऑस्ट्रियाने २००७ मध्ये ते १६ वर आणलं.

गृहपाठ: एका उमेदवाराचं एक पान

भेटीच्या किमान दोन आठवडे आधी वर्गाचे चार गट करा. पहिला गट उमेदवार काय म्हणाला ते शोधेल: जाहीरनामा, भाषणं, मुलाखती. दुसरा, उमेदवाराने काय केलं ते: आधी सभागृहात असेल तर हजेरी, विचारलेले प्रश्न, कोणत्या ठरावावर कुठल्या बाजूने मत दिलं. तिसरा गट उमेदवाराने स्वतःबद्दल कायद्याने काय जाहीर केलं आहे ते पाहील. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबतच्या शपथपत्रात फौजदारी खटले, मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाहीर करावं लागतं, आणि निवडणूक आयोग ते लोकांसाठी खुलं करतो. इतर अनेक देशांतही मालमत्तेची किंवा हितसंबंधांची नोंद असते.

चौथ्या गटाचं काम सगळ्यात दुर्लक्षित, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं: हे पद नेमकं काय करू शकतं? स्थानिक संस्थेच्या उमेदवाराला परराष्ट्र धोरण विचारलं तर तो आनंदाने १० मिनिटं बोलेल, कारण त्यातलं काहीच त्याच्या अंगावर येत नाही. पाणी, कचरा, रस्ता, दवाखाना, शाळेची इमारत यांतलं काय कोणाच्या अखत्यारीत येतं याचा तक्ता करा. उमेदवार ‘हे आमच्या हातात नाही’ म्हणाला तर ते खरं की खोटं हे त्या तक्त्यावरून जागच्या जागी कळतं.

सगळं मिळून एकच पान व्हायला हवं. प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि ती माहिती कुठून घेतली ते. फिरत आलेली चित्रफीत, कापलेलं वाक्य, कुणीतरी पुढे पाठवलेला मजकूर यांवरून प्रश्न बांधू नका. मूळ भाषण पूर्ण ऐका. एक चुकीचा आकडा निघाला तर उमेदवार पुढची पाच मिनिटं तो आकडा दुरुस्त करण्यात घालवतो आणि प्रश्न मेलेला असतो. खटल्यांच्या बाबतीत शब्द विशेष जपा. गुन्हा नोंदला जाणं, आरोप निश्चित होणं आणि दोषी ठरणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. मुलांना हा फरक या कामात जितका पक्का समजतो तितका पाठ्यपुस्तकातून समजत नाही.

प्रश्न काढणं आणि गाळणं

पहिल्या दिवशी सगळ्यांनी नुसते प्रश्न लिहायचे. १० मिनिटं, कोणी कोणाच्या प्रश्नाला नावं ठेवायची नाहीत, उत्तर द्यायचं नाही. ५० मुलांच्या वर्गात शंभरावर प्रश्न सहज जमतात. दुसऱ्या दिवशी चाळणी.

पहिल्यांदा भाषणवजा प्रश्न काढून टाका, ज्यांत विचारणाऱ्याचं मतच चार वाक्यं चालतं. मग जोडप्रश्न: ‘रस्ते कधी होणार, आणि बेरोजगारीचं काय, आणि तुम्ही पक्ष का बदललात?’ यातला सोपा निवडून उमेदवार उत्तर देतो आणि बाकीचे विरून जातात. ‘मत काय?’, ‘काय वाटतं?’ असे शेवट असलेले बाजूला ठेवा, ते दुरुस्त होण्यासारखे असतात. ‘शिक्षणाबद्दल आपलं मत काय?’ याला शिक्षण महत्त्वाचं आहे असं उत्तर येणार, त्यासाठी पाहुणा बोलवायची गरज नव्हती. पण जाहीरनामा उघडला की त्याच प्रश्नाला धार येते: ‘आपल्या जाहीरनाम्यात प्रत्येक शाळेत ग्रंथालय देऊ असं लिहिलं आहे. पहिल्या वर्षी किती शाळांमध्ये होईल, आणि त्यासाठी कोणत्या खर्चाला कात्री लावाल?’ आता उत्तरात एक आकडा आणि एक नाव यायलाच हवं. आलं नाही तर ते दिसेल.

‘तुम्ही प्रामाणिक आहात का?’ हाही असाच वाया जाणारा प्रश्न. त्याचं ‘हो’ हे एकच उत्तर असू शकतं. त्याऐवजी: ‘निवडणुकीला आपल्याला सर्वात जास्त पैसा कोणाकडून मिळाला? त्यांचं एखादं काम आपल्याकडे निर्णयासाठी आलं तर आपण काय कराल?’

भूमिका बदलली असेल तर आरोप न करता दोन तारखा शेजारी ठेवा. ‘तीन वर्षांपूर्वी आपण या प्रकल्पाला विरोध केला होता, या वर्षी आपण बाजूने मत दिलं. मधल्या काळात काय बदललं?’ याचं उत्तर चांगलंही असू शकतं. माणसाने नवी माहिती मिळाल्यावर मत बदलणं हा गुण आहे, आणि प्रश्नाने त्या उत्तरालाही जागा ठेवली पाहिजे. ज्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर देताच येणार नाही तो सापळा झाला. सापळे मी गाळतो.

दोन साचे मला विशेष आवडतात. एक निवडीचा: ‘या दोन कामांपैकी या वर्षी एकाच कामाला पैसा आहे. कोणतं थांबवाल?’ दुसरा कसोटीचा: ‘दोन वर्षांनी काय दिसलं तर आपण म्हणाल की ही योजना फसली?’ आश्वासन देणं सोपं असतं. ते मोडलं हे कशावरून ओळखायचं, याचं उत्तर तयार ठेवून आलेले उमेदवार मी फार थोडे पाहिले.

कठोर आणि धक्कादायक यांतला फरक मुलांना उदाहरणाने सांगा. १९८८ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या वादचर्चेत उमेदवार मायकेल डुकाकिस यांना पहिलाच प्रश्न असा आला: तुमच्या पत्नीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, तर तुम्ही खुन्याला फाशी द्यावी असं म्हणाल का? त्यांनी शांतपणे नकार दिला आणि आपली धोरणं सांगितली. लोकांच्या लक्षात राहिला तो त्यांचा कोरडेपणा. फाशीमुळे गुन्हे कमी होतात का, हा मूळ मुद्दा त्या रात्री मागेच पडला. याच्या उलट १९९२ ची रिचमंडमधली चर्चा, जिथे सामान्य मतदार प्रश्न विचारत होते. एका स्त्रीने विचारलं की राष्ट्रीय कर्जाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला, आणि तो झाला नसेल तर सामान्य माणसाच्या अडचणींवर तुम्ही उपाय कसा शोधणार? तत्कालीन अध्यक्ष थोरले बुश गोंधळले आणि प्रश्न नीट कळला नाही असं म्हणाले. बिल क्लिंटन तिच्याजवळ गेले आणि लोकांच्या नोकऱ्या जाताना आपण काय पाहिलं ते बोलले. तिचा शब्द थोडा चुकला होता. तिला मंदी म्हणायचं होतं, ती कर्ज म्हणाली. म्हणून प्रश्नातला प्रत्येक शब्द आधी तपासा. पण तिच्या प्रश्नाने पाठ केलेलं उत्तर बाजूला ठेवायला लावलं, आणि ते कोणाचाही अपमान न करता.

प्रश्नाची बांधणी

एक वाक्य माहितीचं, एक वाक्य प्रश्नाचं, मग गप्प. एवढ्यात बसलं पाहिजे. घड्याळ लावून वाचा. २५ सेकंदांच्या वर गेला तर कापा.

मराठीत इथे एक वेगळी मेख आहे, ती जरूर शिकवा. पाहुण्यांना ‘आपण’ म्हणावं हे ठीकच. पण ‘आपण’ या शब्दात बोलणारा आणि ऐकणारा दोघंही मावतात, आणि उमेदवार त्याचा पुरेपूर उपयोग करतात. ‘आपण हे काम नक्की करू.’ कोण करणार? ते, त्यांचा पक्ष, सरकार, की वर्गातली मुलंसुद्धा? त्यावर उपप्रश्न तयारच ठेवा: ‘आपण म्हणजे नेमकं कोण? त्यात तुमच्याकडे कोणतं काम असेल?’ उपप्रश्नात ‘तुम्ही’ वापरायला हरकत नाही, तोही आदराचाच शब्द आहे आणि तो एकाच माणसाकडे बोट दाखवतो.

दुसरी मेख व्याकरणाच्या तासाला शिकवलेलीच आहे: कर्मणी प्रयोग. ‘निधी दिला जाईल’, ‘चौकशी केली जाईल’, ‘प्रयत्न केले जातील’. कर्ता गायब. उत्तरात कर्ता सापडत नसेल तर वहीत तिथे गोल काढा आणि उपप्रश्नात कर्ता विचारा. मुलांना हे एकदा दिसू लागलं की वर्तमानपत्र वाचतानाही दिसतं.

तालीम, आणि पळवाटा ओळखणं

तालमीशिवाय हा तास करू नका. वर्गातला बोलका मुलगा किंवा मुलगी, किंवा एखादे शिक्षक, उमेदवार बनवा आणि त्यांना एकच सूचना द्या: सरळ उत्तर द्यायचं नाही.

सगळ्यात साधी पळवाट कौतुकाची. ‘किती हुशार प्रश्न! कितवीत आहेस बाळा?’ मूल लाजतं, वर्ग हसतो, मिनिट गेलं. यावर ‘धन्यवाद’ म्हणायचं आणि थांबायचं. नुसतं थांबायचं. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतल्या शांततेचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते, आणि ते ३ सेकंद थांबू लागले की मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होऊ लागली. मोठ्या माणसांच्या बाबतीतही शांतता असंच काम करते असा माझा अनुभव आहे. अर्धवट उत्तरानंतर वर्ग ३ सेकंद गप्प राहिला की बोलणारा बहुतेक वेळा पुढे बोलतो, आणि ते पुढचं वाक्य पहिल्यापेक्षा खरं असतं. ३ सेकंद फार मोठे वाटतात, म्हणून तालमीत बोटांवर मोजून सराव करा.

मग दुसरीकडे वळणं. ‘ते महत्त्वाचं आहेच, पण खरा प्रश्न वेगळा आहे...’ ही पळवाट पकडायला सगळ्यात अवघड, कारण उत्तर ऐकायला छान असतं. टॉड रॉजर्स आणि मायकेल नॉर्टन या संशोधकांनी २०११ मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी एका उमेदवाराचं आरोग्यसेवेवरचं एकच उत्तर वेगवेगळ्या प्रश्नांना जोडून लोकांना ऐकवलं. प्रश्न अमली पदार्थांचा असला तरी बऱ्याच जणांना उत्तर भलतंच आहे हे जाणवलं नाही. विषय जवळपासचा वाटला की ऐकणारा मूळ प्रश्न विसरतो. दहशतवादाच्या प्रश्नाला तेच उत्तर जोडलं तेव्हा मात्र गडबड लक्षात आली. आणि उत्तर चालू असताना मूळ प्रश्न पडद्यावर लिहिलेला ठेवला, तेव्हा पळवाटा लोकांच्या नजरेत येऊ लागल्या.

या संशोधनातून घ्यायची कृती एकच, आणि या सगळ्या लेखातून एवढीच घेतली तरी चालेल: प्रश्न फळ्यावर लिहा. मोठ्या अक्षरात, उमेदवाराच्या मागे, सगळ्या वर्गाला दिसेल असा, उत्तर संपेपर्यंत. पुढचा प्रश्न आला की पुसा आणि तो लिहा. याला वीज लागत नाही, पैसा लागत नाही आणि कोणाचा अपमान होत नाही.

बाकीच्या पळवाटा थोडक्यात. ‘आधीच्यांनी वाट लावली’ असं म्हटलं तर: ‘ते मान्य करून चालू. तुम्ही पहिलं काय कराल?’ आकड्यांचा पाऊस पडला तर: ‘यातला आमच्या प्रश्नाचं उत्तर असलेला आकडा कोणता?’ ‘तुला काय वाटतं, तूच सांग’ असा प्रश्न परत आला तर: ‘माझं मत मी नंतर नक्की सांगेन, आज आम्हाला तुमचं ऐकायचं आहे.’ ‘मोठे झालात की कळेल’ असं आलं तर: ‘आज जेवढं कळेल तेवढं सांगा.’ हे शांत चेहऱ्याने म्हणता आलं पाहिजे, म्हणून तालीम. ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ हे उत्तर कधी खरंच रास्त असतं. तेव्हा खटल्याच्या तपशिलात न शिरता बाजूचं विचारा: ‘खटला चालू असताना उमेदवारी स्वीकारण्याआधी पक्षाने तुम्हाला काय विचारलं?’ ‘समिती नेमू’ याला तारीख विचारा.

उपप्रश्न प्रश्नापेक्षा मोठा

लोकसभेत आणि आपल्या विधिमंडळांत तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं, आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. मूळ प्रश्नाचं उत्तर खात्याने लिहून दिलेलं असतं. मंत्र्याला विषय खरोखर माहीत आहे का, हे पुरवणी प्रश्नात उघडं पडतं. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीवर लोकसभेत असेच प्रश्न सुरू झाले. सत्ताधारी पक्षाचेच खासदार असलेल्या फिरोज गांधींनी कागद हातात घेऊन विषय लावून धरला, चौकशी आयोग नेमावा लागला आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

प्रत्येक प्रश्नासाठी दोन मुलांची जोडी करा. एक प्रश्न विचारेल, दुसऱ्याचं काम फक्त उत्तर ऐकणं आणि उपप्रश्न विचारणं. विचारणाऱ्याच्या छातीत धडधड असते, त्याला उत्तर नीट ऐकू येत नाही. दुसऱ्याला येतं. या दुसऱ्या मुलाकडे दोन तयार उपप्रश्न असावेत: उत्तर टाळलं तर एक, आणि उत्तर मिळालं तर एक, जो खोलात जाईल.

तेच किती वेळा विचारायचं? १९९७ मध्ये ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड पक्षाच्या नेतेपदासाठी उभे होते. मुलाखतकार जेरेमी पॅक्समन यांनी बीबीसीवर त्यांना ‘तुम्ही तुरुंगप्रमुखाचा निर्णय डावलण्याची धमकी दिली होती का?’ हा एकच प्रश्न साधारण १२ वेळा विचारला. सरळ उत्तर मिळालं नाही, आणि ते न मिळणंच देशभर गाजलं. वर्गात १२ वेळा विचारायचं नाही, वेळही नाही आणि ते मुलाला झेपणारंही नाही. दोनदा विचारा. दुसऱ्यांदाही टळलं तर एक वाक्य, राग न आणता: ‘मग या प्रश्नाचं उत्तर आज मिळालं नाही, असं आम्ही लिहून घेतो.’ त्यानंतर पुढचा प्रश्न. हे वाक्य ऐकून उमेदवार ‘नाही नाही, सांगतो’ म्हणाले तर त्यांना एक मिनिट द्या.

कामं वाटून घ्या

आता ती ४४ मुलं. सहा उपप्रश्नवाले आलेच. सूत्रसंचालक विद्यार्थीच असावा. त्याच्याशेजारी वेळ पाहणारा, जो ‘२ मिनिटं’ आणि ‘संपवा’ असे दोन कागद दाखवेल. दोघं फळ्यावर. चौघं उत्तरं शब्दशः लिहिणारे, आळीपाळीने. दोघं त्या एका पानाशी आणि अखत्यारीच्या तक्त्याशी, उत्तरातली माहिती जुळते का पाहायला. बाकी प्रत्येकाने सहांपैकी एक प्रश्न वाटून घ्यायचा आणि त्याचं उत्तर मिळालं, अर्धं मिळालं की टळलं हे कारणासकट नोंदवायचं.

प्रश्न कोण विचारणार हे ठरवताना धीट मुलांचेच हात वर येतात. मुद्दाम तीन अबोल मुलं निवडा, त्यांना तालीम जास्त द्या आणि कागद वाचून विचारायची मुभा द्या. कागद थरथरला तरी प्रश्न तेवढाच भक्कम राहतो. मुलाच्या घरच्यांचा उमेदवाराशी काही संबंध असेल, नोकरीचा, जमिनीचा, पक्षाचा, तर त्या मुलाला तो प्रश्न देऊ नका. हे बाकी वर्गाला कळू न देता आधी एकट्याला विचारून घ्या. प्रश्न वर्गाच्या नावाने विचारायचा, ‘आमच्या वर्गाचा प्रश्न आहे’ या शब्दांत. एका मुलावर रोष येऊ नये म्हणून ही काळजी.

क्रमाबद्दल: सगळ्यात अवघड प्रश्न शेवटी ठेवू नका. शेवटचा प्रश्न ‘वेळ झाली’ या दोन शब्दांत मरतो. पहिला प्रश्न नेमका पण सौम्य घ्या, म्हणजे उमेदवार आणि मुलं दोघंही सावरतात. दुसरा किंवा तिसरा सगळ्यात अवघड.

प्रत्यक्ष तास

शिक्षकांनी मागे बसावं. मोह फार होतो, मुलगी अडखळली की वाक्य पूर्ण करून द्यावंसं वाटतं. करू नका. उमेदवार मुलाला दटावू लागले, मुलाच्या घराबद्दल विचारू लागले किंवा एखाद्या समाजाबद्दल वाईट बोलले, तरच उठायचं. तेव्हा मात्र लगेच उठायचं आणि ‘हे आपल्या ठरलेल्या अटींमध्ये बसत नाही’ एवढं स्पष्ट म्हणायचं.

उमेदवार चिडले तर मुलांनी आवाज खाली आणायचा, प्रश्न तसाच ठेवायचा. उत्तर चांगलं आलं तर ते चांगलं आहे असं मोकळेपणाने म्हणा. ‘मला माहीत नाही, शोधून कळवतो’ हे उत्तर आलं तर त्याचा मान ठेवा आणि कधीपर्यंत, कुठे, ते विचारून घ्या. वर्गातून टाळ्या, हशा, हुर्यो काहीही नको, कोणत्याच बाजूने. हे आदल्या दिवशी पक्कं करा, कारण टाळी मिळाली की बोलणारा टाळीसाठी बोलतो.

पाहुणे गेल्यावर

त्याच दिवशी, शक्य तर पुढच्याच तासाला, नोंदी एकत्र करा. मोठ्या कागदावर तीन रकाने: काय विचारलं, काय उत्तर दिलं, काय सांगितलं नाही. शब्दशः लिहिणाऱ्या चौघांच्या वह्या जुळवा. दोघांनी वेगळं लिहिलं असेल तर ते विधान घेऊ नका. उत्तरांतले आकडे तपासा. इथे एक चर्चा हमखास पेटते: अर्धं उत्तर म्हणजे काय? ती होऊ द्या, फळ्यावरचे कर्ते आणि क्रियापदं शोधत होऊ द्या. कोणाला मत द्यावं ही चर्चा मात्र शिक्षकांनी चालवायची नाही.

मग वर्गाच्या नावाने पत्र लिहा. आल्याबद्दल आभार, दिलेल्या उत्तरांची नोंद, राहिलेले प्रश्न, आणि ‘आमच्या नोंदीत काही चुकलं असल्यास कृपया कळवावे’ ही ओळ. ती ओळ मनापासून लिहा, कारण नोंद खरंच चुकलेली असू शकते. दिलेल्या तारखा वर्गाच्या दिनदर्शिकेत टाका आणि प्रत्येक तारखेला एका मुलाचं नाव लावा, आठवणीचं पत्र पाठवायला.

तीन रकान्यांचा कागद भिंतीवरून काढू नका. दुसरा उमेदवार येईल तेव्हा तेच सहा प्रश्न, त्याच क्रमाने, आणि त्याच्यासाठी शेजारी तेवढाच कोरा कागद लावलेला असू द्या.